पाकिटावर ‘शेवटच्या हिमाआधी ६ ते ८ आठवडे’ लिहिलंय. साताऱ्यात पॅन्सी, स्वीट पी नेमकी पेरायची कधी?

गोडोलीची_गच्ची:
नमस्कार मंडळी. पॅन्सी, स्नॅपड्रॅगन, स्वीट पी, लार्क्सपर आणि कॅलेंडुला असं पाच फुलांचं बी आणलं आहे. पाकिटं परदेशी आहेत. पॅन्सी आणि स्नॅपड्रॅगनच्या पाकिटावर ‘शेवटच्या हिमाच्या तारखेआधी ६ ते ८ आठवडे घरात पेरा’ असं आहे, स्वीट पीवर ‘वसंतात जमीन खणता येऊ लागली की लगेच’. साताऱ्यात हिम पडत नाही, मग आठवडे मोजायचे कुठून?

जागा दोन आहेत. एक गोडोलीतली गच्ची: २५ कुंड्या, ऊन सकाळी ९ ते दुपारी ३. दुसरी महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ नातेवाइकांच्या घराभोवतीची ३ गुंठे जमीन, उताराची. तिथे डिसेंबर-जानेवारीत दव गोठून गवत पांढरं होतं. दोन्हीकडे एकच वेळापत्रक चालेल का? ट्युलिपचे कंद आणावेत असंही मनात आहे, त्याबद्दलही सांगा.

अजिंक्यतारा_पायथा:
ताई, पाकिटावरची ती ओळ सरळ खोडून टाका. ती ज्या मुलखासाठी छापली आहे तिथे जमीन हिवाळाभर गोठलेली असते, म्हणून तिथला माळी हिम संपण्याची वाट बघतो. आपल्याकडे या फुलांना मारतो तो मार्चचा उन्हाळा, आणि उगवू देत नाही ती ऑक्टोबर हीट. या दोन उष्म्यांच्या मधे जेवढी थंडी सापडेल तेवढाच यांचा हंगाम. म्हणून मोजायचं ते उन्हाळ्यापासून मागे. पाकिटावरचा ‘हार्डी’ हा शब्दही फक्त झाड किती थंडी सोसतं ते सांगतो. ऊन किती सोसतं याबद्दल त्यात काहीच नसतं.

पॅन्सीचाच हिशेब बघा. पेरणीपासून पहिलं फूल यायला १० ते १२ आठवडे लागतात. २५ सप्टेंबरला पेरली तर डिसेंबरच्या मध्याला फूल, आणि मार्चचा पहिला आठवडा येईपर्यंत बहर, म्हणजे जवळजवळ अडीच महिने. तीच पॅन्सी ‘थंडी पडू दे, मग बघू’ म्हणत १५ नोव्हेंबरला पेरली तर फूल फेब्रुवारीत येतं आणि महिन्याभरात झाड लांबुडकं होऊन फुलं रुपयाएवढी होतात. खत, पाणी, मेहनत तेवढीच, हाती निम्म्याहून कमी. थंडीच्या फुलांचं बी थंडी येण्याआधी टाकायचं असतं, साताऱ्यातल्या बहुतेक बागा इथेच चुकतात.

दसरा-दिवाळीवर वेळ ठरवू नका. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ ला अधिक महिन्यामुळे २० ऑक्टोबरला. अठरा दिवसांचा फरक रोपांना फार होतो. त्यापेक्षा नक्षत्रं धरा. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, त्यामुळे इंग्रजी तारखेला जवळपास पक्की: उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त २७ सप्टेंबर, चित्रा १० ऑक्टोबर, स्वाती २४ ऑक्टोबर. शाळू पेरणारे शेतकरी त्यावरच चालतात, फुलांनाही तेच लागू पडतं.

साताऱ्याच्या गच्चीसाठी असं करा. उत्तरा संपता संपता, २० ते ३० सप्टेंबर, पॅन्सी आणि स्नॅपड्रॅगन ट्रेमध्ये. हस्ताचा पाऊस आडवातिडवा येतो, तेव्हा ट्रे पत्र्याखाली किंवा व्हरांड्यात हवा. चित्रात, १० ते २० ऑक्टोबर, स्वीट पी थेट कुंडीत आणि कॅलेंडुलाचा पहिला हप्ता. लार्क्सपर सगळ्यात शेवटी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कारण त्याचं बी गरम मातीत नुसतं पडून राहतं. कॅलेंडुलाचा दुसरा हप्ता १५ नोव्हेंबरला. ते ७-८ आठवड्यांत फुलतं, त्यामुळे उशीर सोसतं.

आता एकेकाची उगवण, कारण खोळंबा इथेच होतो.

पॅन्सीला उगवताना अंधार आणि १८ ते २० अंश लागतात. मातीचं तापमान २५ च्या वर गेलं की उगवण तुटक होते. सप्टेंबरच्या शेवटी गच्चीवर हे जमत नाही, म्हणून ट्रे तळमजल्यावर, फरशीवर, उत्तरेच्या खोलीत ठेवा. बी ३ मिलिमीटर कोकोपीटखाली, वर ओलं गोणपाट. गोणपाट दिवसातून दोनदा शिंपडून ओलं ठेवलं की बाष्पीभवनाने खाली गारवा राहतो. सातव्या दिवसापासून रोज उचलून बघा. निम्मे कोंब दिसले की त्याच दिवशी गोणपाट काढून ट्रे उजेडात. एक दिवस जरी उशीर झाला तरी कोंब दोऱ्यासारखे पांढरे आणि लांब होतात, ती रोपं पुढे सरळ उभी राहत नाहीत.

स्नॅपड्रॅगनचं उलट: त्याला उजेड लागतो आणि बी धुळीसारखं बारीक, एका ग्रॅममध्ये हजारोंनी. चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळून पृष्ठभागावर भुरभुरा, वर काहीही झाकू नका. झारीने पाणी दिलं तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजू द्या. ७ ते १४ दिवसांत उगवतं. रोप १० सेंटिमीटरचं झालं की शेंडा खुडा, नाहीतर एकच दांडा वर जातो आणि तुमच्या गच्चीवरच्या वाऱ्यात मोडतो.

स्वीट पीचं बी रात्रभर, ८ ते १२ तास, भिजवा. सकाळी जे फुगलेलं नाही त्याला डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने बारीकसा टवका काढा आणि पुन्हा तीन-चार तास भिजवा. १२ ते १४ इंच खोल कुंडीत २ ते ३ सेंटिमीटर खोल, दोन बियांत ८-१० सेंटिमीटर. तीन जोड्या पानं झाली की शेंडा खुडा. पाच फुटांची जाळी किंवा सुतळी आधीच बांधून ठेवा. वेल धरायला उशीर झाला तर स्वतःतच गुंतते.

स्वीट पीचं वाण मात्र बघून घ्या, यात पैसे फुकट जातात. विलायती ‘स्पेन्सर’ वाणं १२ तासांचा दिवस मिळाल्याशिवाय कळी धरत नाहीत. साताऱ्यात डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि १२ तास होतात ते मार्चच्या मध्याच्या आसपास, म्हणजे नेमका उन्हाळा अंगावर आल्यावर. ‘विंटर फ्लॉवरिंग’ किंवा ‘स्प्रिंग फ्लॉवरिंग’ लिहिलेली वाणं १० ते ११ तासांत फुलतात. पाकिटावर स्पेन्सर असेल तर ते महाबळेश्वरच्या जागेला न्या, तिथे मार्च-एप्रिल सौम्य असतो.

लार्क्सपरचं बी ओलसर वाळूत मिसळून, पिशवीत बंद करून, फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) दोन आठवडे ठेवा आणि मग थेट जागेवर ५ मिलिमीटर खोल पेरा. त्याला सोटमूळ असतं, रोप उपटून लावलं की बसतच नाही. बी विषारी आहे, स्वीट पीचंही खाण्याचं नव्हे. फ्रिजमधल्या पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

शेवटचं: परदेशात रोपं थंडीला सरावतात, आपल्याकडे उन्हाला सरावायची असतात. ४ ते ५ पानांवर, साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रोपं कुंडीत जातात. पहिले ७ दिवस ५० टक्के शेडनेटखाली, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. ८ इंची कुंडीत पॅन्सीची ३ रोपं, १२ इंचीत स्नॅपड्रॅगनची ३.

कृष्णाकाठ_सांगली:
वरचं सगळं बरोबर. सांगली-मिरजेकडचे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी फरक लिहितो. सांगली साताऱ्यापेक्षा सखल, साधारण ५५० मीटरवर, त्यामुळे ऑक्टोबर जास्त तापतो आणि फेब्रुवारीअखेर ऊन टोचायला लागतं. सुरुवात आठ-दहा दिवस उशिरा, शेवट आठ-दहा दिवस आधी. अडीच महिन्यांचा बहर इथे दोन महिन्यांवर येतो. म्हणून सांगलीत पॅन्सी आणि स्टॉक नावाचं फुलझाड थोड्या कुंड्यांपुरतेच ठेवावेत. मुख्य भर कॅलेंडुला, पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस आणि ॲलिसमवर. ही ऊन जरा जास्त सोसतात. ॲलिसम तर ६-७ आठवड्यांत फुलतं.

दुसरी गोष्ट काळी माती. तीत रोप सरळ लावलं तर पाणी मुळाशी तुंबतं, वरून भेगा आणि खाली चिखल. जमिनीवर करायचं असेल तर १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा, रुंदी ३ फूट, दर चौरस मीटरला दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि एक पाटी जाड वाळू. माती वाफशावर (ना चिखल, ना कोरडी ठक्क) असतानाच उकरा. ओली उकरली की ढेकळं होतात आणि ती हंगामभर फुटत नाहीत.

तिसरी गोष्ट पाणी. बोअरचं क्षाराचं पाणी महिनाभर दिलं की पिटुनिया आणि पॅन्सीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक नत्र कमी पडलं म्हणून युरिया टाकतात आणि झाड आणखी बिघडतं. नत्राची कमतरता जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसते. कोवळ्या पानांवर दिसली तर लोह. मातीत लोह असतं, पण सामू (पीएच) वाढल्यामुळे मुळांना उचलता येत नाही. ५ लिटर पाण्यात १० ग्रॅम फेरस सल्फेट आणि ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. कळ्या उमलायच्या आत करा, पाकळ्यांवर तांबूस डाग पडतात. शक्य असेल तर पावसाचं पाणी एका पिंपात साठवून ते फक्त ट्रेमधल्या रोपांना वापरा.

नदीकाठी डिसेंबरात सकाळी धुकं उतरतं. त्यात स्वीट पी आणि कॅलेंडुलावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) हमखास येते. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको: पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, पहिला पांढरा ठिपका दिसताच. दुपारी ३२ अंशांच्या वर ऊन असेल त्या दिवशी गंधक मारू नका, पानं करपतात.

गोडोलीची_गच्ची:
फार उपयोगी. एक अडचण आत्ताच आली आहे. तयारी म्हणून कॅलेंडुलाची थोडी रोपं आधी करून बघितली. छान उगवली, पण आठव्या दिवशी एका कोपऱ्यातली आडवी झाली, दुसऱ्या दिवशी अर्धा ट्रे. पानं हिरवीच होती. पाणी रोज दोनदा दिलं होतं. कशामुळे? आणि महाबळेश्वरचं कुणी सांगेल का?

अजिंक्यतारा_पायथा:
ही रोपांची मर. आडवं पडलेलं एक रोप उचलून भिंगाखाली बघा: मातीच्या रेषेवर देठ तपकिरी, दोऱ्याएवढा बारीक आणि चिमटीत धरला तर ओलसर लागेल, त्याच्या वर देठ धड. मातीतल्या बुरशीचं काम आहे. तिला हवं असतं ओलं माध्यम, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा. तुमचं दिवसातून दोनदा पाणी म्हणजे तिला आवतणच.

पडलेली रोपं आजूबाजूच्या दोन इंच कोकोपीटसकट काढून टाका, कंपोस्टमध्ये नको. उरलेल्यांना लिटरला २.५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, देठाच्या बुडाशी, एकदाच. पुढे पाणी फक्त सकाळी, आणि तेही वरचा थर फिका पडल्यावर.

पुढच्या ट्रेसाठी कोकोपीट दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग. कोकोपीट तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, त्यातला क्षार कोवळ्या मुळांना जाळतो आणि जळलेल्या मुळातून बुरशी शिरते. किलोभर मिश्रणाला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून ओलसर करून ४-५ दिवस सावलीत झाकून ठेवा, मग ट्रे भरा. ट्रायकोडर्मा वापरलात तर त्याच ट्रेला दोन आठवडे तांब्याचं औषध देऊ नका, ते या मित्रबुरशीलाही मारतं. जुना ट्रे असेल तर साबणाने घासून कडक उन्हात दोन दिवस.

थंड_हवेचा_माळी:
महाबळेश्वरबद्दल. ताई, तुमच्या दोन जागांचं वेळापत्रक एक नाही. तिथे मोजणीला खरोखरच हिम घ्यावं लागतं, पण पाकिटाच्या उलट दिशेने: शेवटचं हिम सोडा, पहिल्या हिमाच्या आत रोपाने मूळ धरलेलं हवं.

आधी हिम पडतं कसं ते समजून घ्या, म्हणजे कुठे काय लावायचं ते आपोआप कळेल. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता वर फेकत राहते. जमिनीला टेकलेली हवा सगळ्यात थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहून खोलगट भागात साचते. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठतं ते म्हणून. गावठाणात त्याच रात्री तसं काही नसतं. बातमीत किमान तापमान ५-६ अंश सांगतात आणि तरी गवतावर हिमकण दिसतात, यातही विसंगती नाही. हवामानाचा तापमापक माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पेटीत असतो; गवताच्या पात्याशी तापमान त्याहून चार-पाच अंशांनी कमी असू शकतं. साधा किमान तापमापक आणून वाफ्यात जमिनीपासून चार बोटांवर ठेवा. तुमच्या ३ गुंठ्यांत वरच्या आणि खालच्या टोकालाही फरक दिसेल.

त्यावरून जागा ठरवा. खालच्या टोकाला पॅन्सी, लार्क्सपर, कॅलेंडुला, डायन्थस. ही पांढरी झाली तरी उठतात. वरच्या टोकाला स्वीट पी आणि स्नॅपड्रॅगन. झाडं हिम सोसतात, पण उमललेली फुलं आणि कळ्या खराब होतात. नॅस्टर्शियम, झेंडू, साल्व्हिया लावायचे असतील तर घराच्या भिंतीला लागूनच. एका रात्रीत काळे पडतात. खालच्या बाजूला दाट कुंपण असेल तर त्यात तीन-चार फुटांची फट ठेवा, नाहीतर थंड हवेला बांध घातल्यासारखं होतं आणि सगळा वाफा तिच्यात बुडतो.

तारखा: थेट पेरायचं लार्क्सपर सोडून बाकी रोपं साताऱ्यातच करा, १ ते १० सप्टेंबर, छपराखाली. वर सप्टेंबरभर पाऊस आणि धुकं, उघड्यावर काहीच टिकत नाही. पाऊस उघडला की १५ ते २५ ऑक्टोबरला लावण, स्ट्रॉबेरीच्या लावणीच्या मागोमाग. म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत सात-आठ आठवडे मिळतात. मूळ धरलेली, हळूहळू थंडी खाल्लेली पॅन्सी हिमातून उठते. डिसेंबरात नुकतीच लावलेली त्याच रात्री जाते. तुमच्या स्पेन्सर स्वीट पीसाठी नोव्हेंबरची सुरुवात, वरच्या टोकाला.

१ डिसेंबरनंतर नत्र बंद. कोवळी रसरशीत फूट हिमात पहिली जाते. हवंच तर ०:०:५० (नत्र नसलेलं पालाशचं खत) लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी.

हिमाची रात्र ओळखायची अशी: दुपारी हवा कोरडी, संध्याकाळी आकाश लख्ख, अंधार पडताना पान हलत नाही. त्या दिवशी दुपारी वाफ्याला पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरते आणि रात्री सोडते. पानं ओली करू नका. सूर्य मावळायच्या आत २० जीएसएमचं पांढरं क्रॉप कव्हर (पिकावर घालायचं पातळ कापड), दीड फूट उंचीच्या कमानींवर, कडा मातीने दाबून. प्लॅस्टिकचा कागद पानाला टेकला तर टेकलेलं पान हमखास जळतं. सकाळी ९ नंतर काढा, नाहीतर आत भट्टी होते.

गवताचं किंवा पेंढ्याचं आच्छादन त्या आठवड्यात रोपांपासून बाजूला सरकवा. बहुतेकांना वाटतं पेंढा ऊब देतो. तो मातीची ऊब खालीच अडवतो, आणि वरचं पान अधिक गार पडतं.

सकाळी रोपं उकडलेल्या मेथीसारखी लोळलेली दिसली तर हात लावू नका. गोठलेलं पान वाकवलं की पेशी फुटतात. पॅन्सी १०-११ वाजेपर्यंत आपोआप उभी राहते. काळी पडलेली पानंही लगेच छाटू नका, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहू द्या; खालच्या डोळ्यांना तेच पांघरूण.

माती तिथे जांभ्याची, आम्ल. पॅन्सीला चालते. स्वीट पी आणि डायन्थसला चुना लागतो, पण माती तपासून सामू बघा आणि मगच टाका, लावणीच्या महिनाभर आधी.

ट्युलिपबद्दल: कंदाला ९ अंशांच्या खाली सलग १२ ते १४ आठवडे लागतात. महाबळेश्वरच्या रात्री गार, पण दिवस २० च्या पुढे जातात, म्हणजे जमिनीत ते पुरं होत नाही. करायचंच तर कंद कागदी पिशवीत, फ्रिजच्या ४ ते ७ अंशांच्या कप्प्यात, सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या शेवटापर्यंत. त्या कप्प्यात सफरचंद, केळी नकोत. पिकत्या फळांच्या वायूने आतली कळी मरते आणि नुसती पानं येतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुंडीत लावून सावलीत. फूल एकदाच, पुढच्या वर्षी तोच कंद फुलत नाही.

गोडोलीची_गच्ची:
स्वीट पीच्या पाकिटावर स्पेन्सरच आहे, वर नेते. गच्चीसाठी विंटर फ्लॉवरिंग शोधते. एकच शंका: गच्चीवर मार्चमध्ये काय काय ठेवण्यासारखं राहतं?

अजिंक्यतारा_पायथा:
स्नॅपड्रॅगन. पहिला बहर संपल्यावर दांडे जमिनीपासून १०-१२ सेंटिमीटरवर कापा, लिटरला २ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) द्या आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी हलवा. मार्चअखेर एक लहान बहर येतो. पानांमागे तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा, मग ठेवू नका. कॅलेंडुलाच्या दोन-तीन चांगल्या झाडांवर फुलं वाळू द्या आणि वाकडं, नखासारखं बी काढून कागदी पाकिटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या चित्रा नक्षत्रात उगवतं. पॅन्सी आणि स्वीट पी होळीपर्यंत काढून टाका, त्यावरचा मावा आणि लाल कोळी उन्हाळी झाडांवर जायच्या आत. त्याच कुंड्यांत झिनिया किंवा ऑफिस टाइम (पोर्टुलाका) लावता येईल.